हिराकाकींनी जपलेला बिघाड

गॅरेजमध्ये लोक गाडी आणतात ती नीट करून घ्यायला. हिराकाकी म्हात्रे या माझ्या एकमेव गिऱ्हाईक, ज्या गाडी अजून बिघडलेलीच आहे ना याची खात्री करून घ्यायला यायच्या. दर मंगळवारी सकाळी नवी मुंबईतल्या पावणे इथल्या माझ्या गॅरेजसमोर त्यांची रिक्षा थांबायची. मी कोपऱ्यात जुन्या चादरीखाली झाकलेली मोटरसायकल बाहेर काढून स्टँडवर लावायचो. काकी पदर कमरेला खोचून चावी फिरवायच्या, बटण दाबायच्या. इंजिन एका सुरात चालू लागलं की मान किंचित कलती करून थोडा वेळ ऐकायच्या. मग दोन्ही हातांनी हँडल पार उजवीकडे वळवायच्या. गाडी अडखळायची, दोनेक गचके खायची आणि गप्प व्हायची.

"हाय," काकी म्हणायच्या. "जित्ती हाय."

जिवंत होता तो बिघाड. मग त्या स्वतःच्या हाताने चादर घालायच्या, चारी बाजूंनी खोचायच्या, माझ्याकडे बोट रोखून "हात लावशील तर बग" असं बजावायच्या आणि जुईनगरला परत जायच्या. नव्या गिऱ्हाइकांना हा प्रकार पाहून बाई भ्रमिष्ट वाटायची. पण मला ठाऊक होतं, त्या बाईइतकं शुद्धीवर असलेलं माणूस मी अख्ख्या नवी मुंबईत पाहिलेलं नाही.

माझी आणि त्यांची ओळख गाडीच्या आधीची. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा त्यांच्याच इमारतीत खोली घेतली होती. शहर आलं तशी म्हात्र्यांची भातशेती गेली. बदल्यात गावठाणाजवळ जागा मिळाली, तिच्यावर त्यांनी इमारत उठवली. काका लवकर गेले. भाडेकरू, पाण्याची टाकी, गच्चीवरचे मोबाइल टॉवरवाले, महापालिकेची माणसं, सगळ्यांशी काकी एकट्या भिडायच्या. अंगाने बारीक, आवाज मात्र तळमजल्यावरून गच्चीपर्यंत जाणारा. मी कावीळ होऊन पडलो तेव्हा महिनाभर रोज वाटीभर पेज त्यांच्याकडून यायची. खोली सोडून मी पावण्यात गॅरेज टाकलं, तेव्हा नारळ फोडायलाही त्याच आल्या. "सुधीर, तू माज्या घरचा," म्हणाल्या आणि नारळ असा आपटला की पाणी माझ्या शर्टावर.

पण काकींची खरी ख्याती वेगळी होती. त्या विसरत नसत. शेजारच्या प्लॉटवर टॉवर बांधणाऱ्या बिल्डरने एकदा चारचौघांत काकांना "ओ मीठवाले, बाजूला व्हा" असं म्हटलं होतं. काकांच्या वडिलांनी मिठागरात काम केलं होतं, त्यावरून. काका हसून बाजूला झाले. काकी झाल्या नाहीत. पुढे टॉवर उभा राहिला आणि त्याच्या फाटकासाठी काकींच्या जागेची एक चिंचोळी पट्टी हवी झाली. बिल्डर मिठाई घेऊन आला. दुसऱ्या दिवशी काकींनी त्या पट्टीत शेवगा लावला. आजही त्या टॉवरचं फाटक तिरकं आहे आणि प्रत्येक मोटार मागेपुढे केल्याशिवाय आत शिरत नाही. संध्याकाळी काकी गॅलरीत खुर्ची टाकून शेंगदाणे खात हा सोहळा बघत बसायच्या. "बग कसा मागं जातंय," म्हणायच्या. "बोलताना त्यानं मागचा इचार केला व्हता काय?"

मला तेव्हा त्याचं हसू यायचं. प्रतीकचा अपघात झाल्यावर ते हसू संपलं.

प्रतीक त्यांचा एकुलता मुलगा. गावच्या संघातून कबड्डी खेळायचा. चढाईला गेला की मैदानाबाहेरच्या बाया त्याच्या नावाने ओरडायच्या. त्याने हौसेने नवी मोटरसायकल घेतली, इंजेक्शनवाली, कॉम्प्युटरवर चालणारी. हायवेच्या कडेला त्या कंपनीचं मोठं सर्व्हिस सेंटर होतं, काचेचं, एसीचं, आत कॉफीचं मशीन. प्रतीक गाडी तिथेच न्यायचा. एकदा हँडल जड वाटतं म्हणून त्याने तिथे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग बदलून घेतले. आणि त्यानंतर गाडी नीट चालेना. हळू वेगात गचके द्यायची, सिग्नलवर बंद पडायची, खड्ड्यातून गेली की क्षणभर दम कोंडल्यासारखी करायची. हमरस्त्यावर सरळ पळताना मात्र मक्खन.

त्याने पुन्हा पुन्हा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी प्लग बदलला, हवेची जाळी बदलली, इंजेक्टर साफ केला, गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडून सगळं पुसून नव्याने चालू केलं. तिथला वर्कशॉप मॅनेजर वर्तक नावाचा गृहस्थ होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, बोलणं गोड. शेवटच्या वेळी प्रतीक कुरकुर करू लागला तेव्हा वर्तकने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मित्रा, गाडी ठणठणीत आहे. तुला क्लच सोडता येत नाही. आधी चालवायला शीक." लोक हसले. काकी त्या दिवशी प्रतीकबरोबर गेल्या होत्या. त्या कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसलेल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात उड्डाणपुलाखाली यू टर्न घेताना, हँडल पूर्ण वळलेलं असताना, गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून डंपर येत होता. डंपरवाल्याने ब्रेक मारला, तरी गाडीचं मागचं चाक आणि प्रतीकचा उजवा पाय डंपरखाली आला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

पोलिसांनी सर्व्हिस सेंटरला विचारलं. वर्तकने सांगितलं, गाडी आम्ही तपासून दिली होती, काही दोष नव्हता, मुलगा रॅश चालवायचा, आमच्याकडेही सगळ्यांना माहीत होतं. ही गोष्ट वर्तकच्या तोंडून निघाली आणि गावात पोचेपर्यंत तिच्यात दारूही मिसळली. लोक हॉस्पिटलात भेटायला येऊन प्रतीकच्या उशाशी हळहळायचे आणि जिन्यात एकमेकांना विचारायचे, पिऊन होता का हो? प्रतीकने आयुष्यात कधी घेतली नव्हती.

गाडी पोलीस ठाण्यातून सुटली, तशी काकींनी ती टेम्पोत घालून थेट माझ्याकडे आणली. टेम्पोतून उतरल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. मला ते कोरडे डोळेच जास्त भयंकर वाटले.

"काय झालं व्हतं ते शोध," म्हणाल्या. "कवा पन शोध. पन खरं शोध."

मागचं चाक, सायलेन्सर, फुटरेस्ट सगळं चेपलं होतं. पुढची बाजू शाबूत होती. मी मोडलेले भाग बदलून गाडी उभी केली आणि मुळापासून सुरुवात केली. बॅटरी, अर्थिंगची वायर, प्लग, सगळं ठीक. पेट्रोलच्या पंपाचं प्रेशर मोजलं, बरोबर. इंजेक्टरचा फवारा बघितला, सुरेख. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तर त्यात एकाही बिघाडाची नोंद नव्हती. इंजिन तासन्‌तास चालू ठेवलं, एक गचका नाही. मला वाटू लागलं, वर्तक बरोबर तर नव्हता? काकी बाकड्यावर बसून माझ्याकडे बघत असायच्या. त्यांना हे सांगायची मला छाती झाली नाही.

आणि एक दिवस चालू गाडी जरा बाजूला सरकवायला म्हणून मी हँडल वळवलं. इंजिन मेलं. मीटरचे दिवेही क्षणभर विझले. मी हँडल सरळ करून बटण दाबलं, गाडी पुन्हा सुरू झाली. उजवीकडे वळवलं, पुन्हा मेली. मी पेट्रोलची टाकी उतरवली. हँडलच्या दांड्यापाशी वायरींची जुडी जाते, ती जुडी दांडा आणि चौकट यांच्या मध्ये चेपलेली होती. बेअरिंग बदलून परत बसवताना कुणीतरी ती चुकीच्या बाजूने नेली होती आणि वर निळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून टाकली होती. चावीकडून कॉम्प्युटरला वीज नेणारी वायर आतून तुटत आली होती. हँडल सरळ असलं की टोकं जुळायची, वळलं की सुटायची. कॉम्प्युटरचीच वीज जात होती, मग तो बिघाडाची नोंद ठेवणार कशी? वर्कशॉपमध्ये गाडी स्टँडवर सरळ हँडलने उभी असते, म्हणून तिथे ती ठणठणीत.

मी काकींना दाखवलं. त्यांनी वाकून ती वायर पाहिली.

"म्हंजे त्यानंच केलं."

"त्याच्या माणसाने केलं, काकी. आणि त्याने शोधलं नाही."

"पोरगा सांगत व्हता, त्यानं ऐकलं नाय." त्यांनी माझ्या हातातली पक्कड काढून घेतली. मी सवयीने वायर जोडायला घेतली होती. "हात लावू नको. हे असंच ऱ्हायला पायजे."

मी म्हटलं, ग्राहक मंचात जाऊ, चांगला वकील आहे माझ्या ओळखीचा. काकींनी नकाराची मान हलवली. "कोर्टात तो वकील उभा करील. मना तो उभा पायजे."

तिथून ते मंगळवार सुरू झाले. काकी नुसत्या खात्री करून घेत नव्हत्या. एका हातात मोबाइल धरून त्या व्हिडिओ काढायच्या आणि कंपनीच्या हेड ऑफिसला पाठवायच्या. सगळे व्हिडिओ सारखेच. त्यात काकींचा हात, हँडल, आणि त्यांचा आवाज: "बगा. गाडी चालू हाय. आता वळवते. बगा, बंद. वर्तक बोलला गाडी ठनठनीत हाय." हेड ऑफिसकडून आधी आपोआप येणारी उत्तरं यायची, मग कुणा मुलीचा फोन यायचा, "मॅडम, वी आर सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स." काकी म्हणायच्या, "बाय, तुजी चूक नाय. वर्तकला दे."

मधेच एकदा त्या महिला मंडळाच्या दहाबारा बायका घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बसल्या. सोफे भरले, कॉफीचं मशीन रिकामं झालं. वर्तक बाहेर आला. हात जोडून म्हणाला, "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"तरास नाय झाला," काकी म्हणाल्या. "पाय गेला."

वर्तक आत निघून गेला आणि सिक्युरिटीवाले आले. परतताना एका बाईने काकींना विचारलं, आता काय करायचं? काकी म्हणाल्या, "आता तो दर वक्ताला काचेतनं भाएर बगल. आयली काय, नाय आयली. बगू दे." त्या समाधानाने हसल्या. वर्तक अस्वस्थ आहे या कल्पनेवरही त्या आठवडाभर जेवू शकत.

हे सगळं प्रतीकला नको होतं. कृत्रिम पाय बसवून तो चालायला लागला होता, गावातल्या मुलांना कबड्डी शिकवायला लागला होता. एका दुपारी तो एकटाच गॅरेजवर आला. चादर बाजूला करून गाडीकडे पाहत उभा राहिला.

"दादा, जोडून टाक ती वायर."

"आई मंगळवारी येईल."

"माहीत आहे. तिला सांग, आपोआप नीट झाली." तो खाली बसला, पाय सरळ केला. "घरात दुसरा विषयच नाही रे. मी जेवतोय, ती वर्तक. टीव्ही चालू आहे, ती वर्तक. मला पाय नाही याची मला सवय झाली. तिला नाही झाली. सोड म्हटलं की म्हणते, तुना सोडायचा तर सोड, माजा मी बगते."

"तुला राग येत नाही वर्तकचा?"

"यायचा. पण राग धरून मैदानावर उभं राहता येत नाही, पोरं घाबरतात." मग हसून म्हणाला, "ती कुठे मैदानावर उभी राहते? तिचं बरं आहे."

मी वायर जोडली नाही. प्रतीकचं म्हणणं मला पटत होतं, पण तो बिघाड माझाही नव्हता आणि त्याचाही नव्हता. तो काकींचा होता.

शेवटी हेड ऑफिस कंटाळलं. पुण्याहून त्यांचे एक वरिष्ठ इंजिनिअर गाडी बघायला येणार असं ठरलं. काकींनी अट घातली: बघायचं ते सुधीरच्या गॅरेजवर, आणि वर्तक बरोबर पाहिजे. दोघे दुपारी आले. काकी आधीपासून बाकड्यावर बसलेल्या होत्या, जरीची साडी नेसून, केसात अबोलीचा गजरा. लग्नाला निघाल्यासारख्या. प्रतीक यायला तयार झाला नव्हता.

इंजिनिअर सभ्य माणूस होता. त्याने स्कॅनर लावला. अर्थातच काही निघालं नाही. वर्तक लगेच म्हणाला, "बघा सर, बिघाडाचा एकही कोड नाही. मी पहिल्यापासून हेच सांगतोय. ते व्हिडिओ काय, हँडल वळवताना किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, दाबलं तरी गाडी बंदच पडते."

इंजिनिअर हँडलला हात घालणार तेवढ्यात काकी उठल्या. "तुमी नको सायेब. हा चालवील." त्यांनी हेल्मेट वर्तकपुढे धरलं. "तू बोललास ना गाडी ठनठनीत हाय? बस. सरळ जा, त्या कोपऱ्यावरनं वळव आनि ये. किल स्विच तुज्याच हातात. हेल्मेट घाल. माज्या पोरानं पन घातलेला."

वर्तक इंजिनिअरकडे बघून हसला. इंजिनिअर हसला नाही. "चक्कर मारा ना," तो म्हणाला. "एवढं काय आहे त्यात."

वर्तक बसला. गाडी सुरू झाली, एका सुरात. पावण्याचा तो रस्ता रुंद आहे, दोन्ही बाजूंना कारखाने आणि केमिकलचे टँकर सारखे ये-जा करणारे. वर्तक सरळ गेला. रस्त्यातल्या खड्ड्यावर गाडीने एक गचका खाल्ला, इथपर्यंत ऐकू आला. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याने इंडिकेटर दिला आणि वेग कमी केला. त्याच वेळी त्याच्या मागून एक टँकर येताना दिसला.

मी काकींकडे पाहिलं. त्या हात मागे बांधून उभ्या होत्या. डोळे त्या टँकरवरही होते आणि वर्तकवरही. ओठ घट्ट मिटलेले. मला कळलं, ही बाई त्याला थांबवणार नाही. मी ओरडायला तोंड उघडलं, पण इतक्या लांब आवाज पोचणार नव्हता.

वर्तक वळला नाही. त्याने गाडी डाव्या कडेला घेतली आणि पाय टेकून थांबला. टँकर हॉर्न वाजवत निघून गेला. मागे आणखी एक टेम्पो, तोही गेला. रस्ता मोकळा झाला, पार मोकळा, कुत्रंही नव्हतं. वर्तक तसाच बसून होता. इंडिकेटर लुकलुकत होता. मग तो गाडीवरून खाली उतरला. दोन्ही हातांनी गाडी ढकलत ढकलत रस्त्याच्या पलीकडे नेली, तोंड आमच्याकडे केलं, पुन्हा बसला आणि सरळ चालवत परत आला.

काकींनी मागे बांधलेले हात सोडले. "उतरला," त्या हळूच म्हणाल्या. "बगितलास सुधीर? उतरला."

वर्तक आला, हेल्मेट काढलं. कपाळ घामाने भिजलं होतं. इंजिनिअरने विचारलं, "का उतरलात?" वर्तकने हेल्मेट सीटवर ठेवलं.

"सांग ना," काकी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "माज्या पोराला चालवता येत नव्हती. तुना तर येते. मग कनाला उतरलास?"

वर्तकने चावी माझ्या हातात दिली. इंजिनिअरने मला टाकी काढायला सांगितलं. चेपलेली जुडी, निळी पट्टी, सगळ्याचे फोटो काढले. निळी पट्टी त्यांच्याच वर्कशॉपची, ते त्याला सांगावं लागलं नाही. जाताना त्याने काकींना वाकून नमस्कार केला. काकींनी आशीर्वाद दिला नाही, नाकारलाही नाही.

ते गेल्यावर मी विचारलं, "काकी, तो त्या टँकरसमोर वळला असता तर?"

काकी गजऱ्यातलं निसटलेलं फूल परत खोवत होत्या. "तर वळला असता," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. काकी मात्र वाटेत मच्छी घेऊन घरी गेल्या आणि आग्रह करकरून प्रतीकला वाढलं, असं त्याने मला नंतर सांगितलं. लोक म्हणतात, सूड घेऊन काय मिळतं? मी एकदा तसं म्हणालो तर काकींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मना झोप मिळाली. तुना पायजे तर तू माफ कर आनि जागा ऱ्हा."

वर्तकची त्या जागेवरून उचलबांगडी झाली. कंपनीने काकींना नवी कोरी गाडी देऊ केली. "माज्या पोराचा पाय काय गाडीचा भाग हाय, बदलून द्यायला?" असं म्हणून त्यांनी ती परत पाठवली. कंपनीने पत्र दिलं की दोष दुरुस्तीत होता, चालवणाऱ्यात नव्हता. काकींनी ते फ्रेम करून इमारतीच्या प्रवेशद्वारात लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचावंच लागेल अशा उंचीवर.

आणि मग एक दिवस वर्तक स्वतः त्यांच्या घरी आला. मी योगायोगाने तिथे होतो, पाण्याचा पंप बघायला बोलावलं होतं. तो दारात उभा राहिला. बारीक झाला होता, गळ्यातला पट्टा नव्हता. म्हणाला, "काकी, माझं चुकलं. मला माफ करा."

काकींनी त्याला पाणी दिलं. बसायला सांगितलं नाही. तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "हितं नाय. जितं बोललास तितं बोल. जितक्या लोकांसमोर बोललास, तितक्यांसमोर."

"मी तिथे आता काम करत नाही."

"मग सुट्टी काडायची पन गरज नाय."

शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटर भरलेलं असतं. वर्तक आला. काकी कोपऱ्यातल्या सोफ्यावर होत्या, मी त्यांच्या शेजारी. कॉफी पीत, मोबाइल बघत बसलेल्या अनोळखी लोकांसमोर तो उभा राहिला. मग म्हणाला, "प्रतीक म्हात्रे नावाचा मुलगा इथे गाडी घेऊन येत होता. त्याची तक्रार खरी होती. वायर आमच्याकडून चेपली गेली. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, तुला चालवता येत नाही. नंतर मी पोलिसांनाही खोटं सांगितलं. तो चांगला चालवायचा." लोक एकमेकांकडे बघू लागले. काउंटरवरची मुलगी उभी राहिली. वर्तक काकींकडे वळला आणि वाट बघू लागला.

काकी उठल्या, पदर सारखा केला. "माफ नाय केला," म्हणाल्या. "ऐकला." आणि बाहेर पडल्या.

त्यानंतर त्या फार वर्षं राहिल्या नाहीत. साखरेने मूत्रपिंडं खाल्ली. हॉस्पिटलातही त्यांनी एका डॉक्टरशी बोलणं टाकलं होतं, कारण त्याने शेजारच्या म्हाताऱ्या पेशंटला "ए बाबा" म्हणून हाक मारली होती. शेवटपर्यंत त्या डॉक्टरकडून त्यांनी नाडी बघून घेतली नाही.

त्या गेल्या त्या दिवशी इमारतीखाली गर्दी मावत नव्हती. भाडेकरू, महिला मंडळाच्या बायका, कबड्डीची पोरं, तिरक्या फाटकातून चालत आलेले टॉवरमधले लोकही. काकींना अंगणात ठेवलं होतं. तेवढ्यात अंगणाच्या फाटकापाशी मला वर्तक दिसला, हातात झेंडूचा हार घेऊन. तो आत यायला निघाला आणि प्रतीक पुढे झाला. मला वाटलं, हा त्याला हाताला धरून आत आणेल. इतकी वर्षं आईला सोड सोड म्हणणारा मुलगा तो.

प्रतीक त्याच्यासमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "आत नको. बाहेर उभे राहा. हार पण नको."

वर्तकने मान हलवली. तो फाटकाबाहेर, उन्हात, हार हातात धरून उभा राहिला. अंत्ययात्रा निघाली तेव्हा त्याच्या अगदी जवळून गेली. त्याने हात जोडले. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

खाडीकडच्या स्मशानाकडे जाताना मी प्रतीकच्या बरोबरीने चालत होतो. न राहवून म्हटलं, "तू तर कधीच सोडून दिलं होतंस ना?"

"मी सोडलंय दादा," प्रतीक म्हणाला. कृत्रिम पायामुळे त्याची चाल थोडी मागे पडत होती, तरी त्याने तिरडीचा खांदा सोडला नव्हता. "तिनं नव्हतं सोडलं. आणि आज घर तिचं हाय."